‘डोक्याचं आहे’ म्हणून सोडू नका, आधी ताप मोजा



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. हजेरी घेताना एक ताई सलग दुसऱ्यांदा गैरहजर. विचारलं तर कोणीतरी म्हणालं, “तिचं परत डोकं फिरलंय. रात्रभर बडबडते, घरातल्यांना ओळखत नाही.” त्या ताईंना बऱ्याच वर्षांपासून मानसिक आजार आहे आणि गोळ्या चालू आहेत, हे गावात सगळ्यांना माहीत. मीसुद्धा मान डोलावली, अहवालात ‘गैरहजर’ लिहिलं आणि पुढच्या गावाला निघाले. समाजकार्य शिकलेली मी, पण एकदा घरी जाऊन बघावं हे मलाही सुचलं नाही.

दोन दिवसांनी आशाताई सर्वेक्षणासाठी त्या घरी गेल्या. हात लावला तर अंग भाजत होतं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ८९. लगेच १०८ बोलावली. दवाखान्यात कळलं की फ्लू होऊन न्यूमोनिया झालाय. साखरही वाढलेली निघाली, ती आधी कधी तपासलीच नव्हती. नऊ दिवसांनी ताई घरी आल्या. ताप उतरला तशी बडबडही थांबली होती.

म्हणजे जुना आजार उलटला नव्हता, ताप डोक्यात गेला होता. आणि आपण सगळ्यांनी ते ‘डोक्याचं’ म्हणून सोडून दिलं होतं. अशी चूक परत होऊ नये म्हणून हा लेख.

कोरोनात काय दिसलं?

मानसिक आजार संसर्गाने पसरत नाही आणि तो असलेल्या प्रत्येकाला गंभीर संसर्ग होतोच असंही नाही. पण विषाणूचा आजार झाला तर तो जड जाण्याची शक्यता यांच्यात जास्त असते. कोरोनात हे स्पष्ट दिसलं. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या दवाखान्यांतल्या ७ हजारांहून जास्त कोरोना रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका इतरांच्या अडीच पटीहून जास्त निघाला. वय आणि सोबतचे आजार हिशोबात धरूनही फरक तसाच राहिला. त्याच वर्षी अमेरिकेच्या आरोग्य खात्याने डिप्रेशन आणि स्किझोफ्रेनिया हे आजार कोरोनाचा धोका वाढवणाऱ्या आजारांच्या यादीत घातले. ब्रिटनने तर गंभीर मानसिक आजार असलेल्यांना लसीकरणात प्राधान्य दिलं होतं.

असं का होतं?

पहिलं कारण झोप आणि ताण. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी एक फौज असते. सततच्या ताणाने आणि जागरणाने ती थकते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात १६४ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. मग जिला महिनोन् महिने धड झोपच लागत नाही, तिचं काय होत असेल?

दुसरं कारण सोबतचे आजार. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते. त्यात मिश्री, तंबाखू किंवा बिडी, आणि जेवणाची आबाळ. साखर वाढलेली असली की संसर्ग लवकर आटोक्यात येत नाही.

तिसरं कारण उशीर, आणि ते आपल्या हातातलं आहे. “छातीत दुखतंय” असं कोणी म्हणालं तर आपण धावतो. पण तेच मानसिक आजार असलेली बाई म्हणाली तर “तिचं नेहमीचंच आहे” म्हणून सोडतो. कधीकधी दवाखान्यातही असं होतं. काही जणींना तर आपल्याला काय होतंय ते नीट सांगताच येत नाही.

तापात गोंधळ उडाला तर

हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. तापाबरोबर एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, माणसं ओळखता येईनात, असंबद्ध बोलणं किंवा उलट नुसतंच गुंगीत पडून राहणं असं काही दिसलं, तर तो बहुतेक वेळा शरीराच्या आजाराचा परिणाम असतो. हे कोणालाही होऊ शकतं, म्हाताऱ्या माणसांना जास्त. अंगाऱ्या-धुपाऱ्यात किंवा ‘आपोआप उतरेल’ म्हणण्यात वेळ घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

श्वास जोरात चालणं, ओठ निळसर दिसणं, ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणं, पाणीही न पिणं, लघवी कमी होणं, ही पण धोक्याची लक्षणं आहेत. अशा वेळी १०८ ला फोन करा.

गोळ्यांचं काय?

गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. अचानक बंद केल्या तर आजार उलटतो. पण ताप आल्यावर चालू गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवाच. ‘लिथियम’ची गोळी चालू असेल तर जास्त जपायचं. उलट्या, जुलाब किंवा तापाने अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात साठतं. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, बोलताना अडखळणं दिसलं तर थांबू नका. अंगदुखीची आयबुप्रोफेन असलेली गोळीही लिथियमबरोबर दुकानातून परस्पर आणू नका. तिनेही लिथियम वाढतं.

आपल्या गटाने काय करायचं?

१. सलग दोन बैठका गैरहजर असेल तर सीआरपी ताई किंवा शेजारच्या सदस्याने घरी जाऊन यावं. आधी अंगाला हात लावून बघा, हप्त्याचं नंतर विचारा.

२. गोळ्या चालू असलेल्या सदस्यांची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात अधूनमधून तपासून घ्या. फ्लूची लस घ्यावी का, हेही डॉक्टरांना विचारा.

३. दवाखान्यात एकटीला पाठवू नका. सोबत जाणारीने ताप कधीपासून आहे, काय बदल झाला आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगावं.

४. गाडीभाड्यासाठी अडत असेल तर ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीचा विषय बैठकीत घ्या.

५. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन मोफत, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं.

आणि तिच्या आजाराची चर्चा पाणवठ्यावर नको. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाला इतर रुग्णांसारखीच वागणूक मिळायला हवी. दवाखान्यात कोणी ‘ही वेडी आहे’ म्हणून टाळलं तर हे सांगायला घाबरू नका.

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. त्या ताई आता बैठकीला नियमित येतात, बचतही भरतात. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “अगं, मला सांगायचं होतं, पण कोणी ऐकायला आलंच नाही.” तेव्हापासून हजेरीत गैरहजर लिहिलं की शेजारी कारण विचारून लिहिते, आणि कारण कळलं नाही तर जाऊन बघते. पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा आणि आपल्या गटात कोणाच्या घरी जायला हवं ते तिथेच ठरवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक