सायकलच्या मापाची हत्यारे

सायकल घरी दुरुस्त करायची तर पहिला प्रश्न हत्यारांचा येतो, आणि त्याचे उत्तर सायकल कोणत्या वळणाची आहे यावर ठरते. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर मुख्यतः दोन वळणांच्या सायकली दिसतात. एक काळी, उंच, ओझे वाहणारी: 28 इंची चाक, दीड इंची टायर, सळ्यांचे ब्रेक आणि कॉटर पिनने पक्के केलेले क्रँक. तिची घडण इंग्रजी कारखान्यांतून आली, म्हणून एक्सलचे आटे इंचाला 26 आणि नटांची मापेही इंची वळणाची. दुसरी गिअरची किंवा नव्या धाटणीची. तिचे बहुतेक नट-बोल्ट मिलिमीटरचे असतात आणि बऱ्याच ठिकाणी ते ॲलन कीने फिरवावे लागतात. पायडलचे आटे आणि चेनच्या कड्या मात्र या नव्या सायकलीतही इंचाच्याच हिशेबाने बनतात.

या फरकाकडे दुर्लक्ष झाले की नट खराब होतात. पान्याचे माप म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर. पाना थोडा जरी सैल बसला तरी जोर सपाट बाजूंवर न येता फक्त कोपऱ्यांवर येतो. कोपरे झिजून नट गोल होतो आणि मग योग्य मापाचा पानाही त्यावरून सटकतो. घरच्या दुरुस्तीत गंजापेक्षा जास्त नुकसान अशा सैल पान्यांनी होते. नटाला चहूबाजूंनी धरणारा रिंग पाना म्हणूनच सर्वांत भरवशाचा. स्क्रू पाना कोणत्याही मापाला लागतो, पण त्याचा सरकता जबडा जोर दिल्यावर किंचित मागे हटतो. तो वापरायचाच असेल तर जबडा नटावर घट्ट आवळावा आणि जोर स्थिर जबड्यावर येईल अशा दिशेने फिरवावा. पत्र्यातून कापलेला, अनेक भोकांचा चपटा सायकल पाना वाटेतल्या अडचणीपुरता ठीक. रोजच्या कामाला तो घेऊ नये.

सायकलचे जवळजवळ सगळे यंत्र उघडे असते. कोणता भाग कशाला ओढतो, कुठे घासतो, हे डोळ्यांना दिसते, आणि यंत्राची ओळख करून घ्यायला त्यासारखे दुसरे साधन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढच्या किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ त्या दुकानापासून मोजला जातो.

सर्वांत जास्त वेळा करावी लागणारी दुरुस्ती म्हणजे पंक्चर. त्यासाठी टायर काढायच्या दोन-तीन पट्ट्या, कानस किंवा खरखरीत कागद, सोल्यूशन, पॅच आणि पंप पुरतो. नव्या सायकलीला बहुधा 15 मिलिमीटरचा पानाही लागतो, कारण तिच्या मागच्या एक्सलचे नट सहसा त्या मापाचे असतात. टायर उचकटायला स्क्रूड्रायव्हर मुळीच वापरू नये. त्याची धार ट्यूबला दुसरे भोक पाडते. ट्यूब फुगवून पाण्यात धरली की बुडबुडे जागा दाखवतात, आणि भोकाच्या जागेवरून बहुधा कारणही कळते. भोक रिमच्या बाजूला असेल तर स्पोकचे टोक किंवा सरकलेली रिमपट्टी तपासावी. शेजारी शेजारी दोन भोके असतील तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळून ट्यूब रिमवर चिमटली गेली आहे. भोक बाहेरच्या बाजूला असेल तर टायरच्या आतून सावकाश बोटे फिरवावीत. बाभळीचा मोडका काटा तिथेच रुतून राहिलेला असतो आणि तो न काढता ट्यूब बसवली तर तासाभरात पुन्हा हवा जाते.

पॅच न टिकण्याचे नेहमीचे कारण घाई. भोकाभोवतीची जागा पॅचपेक्षा थोडी मोठी घासावी, सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि त्याची ओली चमक जाईपर्यंत थांबावे. ओल्या सोल्यूशनवर दाबलेला पॅच धरत नाही. टायर परत चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी शेवट करावा. आधी चढवलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलली की शेवटचा घट्ट तुकडा पट्टीशिवाय, हातानेच बसतो. जुन्या धाटणीच्या व्हॉल्व्हवरची रबरी नळी सुकून चिरते आणि पंक्चर नसतानाही हवा जाते. ही नळी स्वस्त मिळते, म्हणून ट्यूब काढण्याआधी ती बदलून पाहणे शहाणपणाचे. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेले असते.

चेनची झीज मोजायला साधी फूटपट्टी पुरते. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणून नव्या चेनमध्ये 12 इंचांवर बरोबर पिन येते. ती इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेली असेल तर गिअरच्या सायकलीची चेन बदलावी. आठव्या भागापर्यंत गेली तर दातेही झिजलेले असतात आणि फ्रीव्हीलचाही खर्च येतो. काळ्या सायकलीची चेन यापेक्षा जास्त झीज सोसते. तिच्या चेनला स्प्रिंगचे लॉक असते; चेनच्या वरच्या बाजूला असताना लॉकचे बंद टोक पुढे असले पाहिजे, उलट बसवले तर ते कशाला तरी अडकून निघू शकते. तेल कड्यांच्या रोलरवर थेंब थेंब सोडावे आणि थोड्या वेळाने बाहेरचे फडक्याने पुसून घ्यावे. वर राहिलेले तेल फक्त धूळ धरते. पावसाळ्यात भिजलेली चेन आधी कोरडी करावी, तेल मग.

पायडल काढताना नवशिके हमखास अडतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवताना ते आपोआप सैल झाले असते. पाना वरच्या दिशेला उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पायडल सुटतात. बसवताना आट्यांना ग्रीस लावले नाही तर पुढच्या वेळी तेच पायडल हलत नाही. ब्रेकचे काम सोपे: रबर रिमवर सपाट टेकले पाहिजे, टायरला लागता कामा नये. बहुतेक व्ही ब्रेकना 5 मिलिमीटरची ॲलन की पुरते.

चाकाचा आउट काढण्यासाठी निप्पल की लागते, आणि तिची खाच निप्पलच्या अचूक मापाची हवी. निप्पल पितळेचे, म्हणजे मऊ. सैल की पहिल्याच झटक्यात ते गोल करते. रिम डावीकडे झुकली असेल तर तिथले उजव्या बाजूचे स्पोक पाव फेरा आवळावेत, चाक फिरवून पाहावे, मग पुढचा पाव फेरा. एकाच स्पोकवर सगळा भार टाकला तर रिम वर-खालीही जाते आणि ती सरळ करणे फार कठीण.

हत्यारे एकदम खोक्यात घेण्यापेक्षा कामानुसार एकेक घ्यावीत. खोक्यातल्या निम्म्या वस्तू कधीच लागत नाहीत आणि लागणाऱ्या हलक्या प्रतीच्या निघतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी इथे चांगले पाने सुटे मिळतात. नाशिकला कारखाना असलेल्या टपारियाचे पाने तर गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानांतही असतात. पान्यावर क्रोम व्हॅनेडियम कोरलेले आहे का आणि जबड्याच्या आतल्या बाजू सपाट आहेत का, एवढे पाहावे. इंची मापाचे पाने नव्या दुकानात मिळाले नाहीत तर पुण्याच्या जुन्या बाजारात शोधावेत. सायकलीचा एक नट खिशात नेला की माप चुकत नाही.

काही कामे दुकानातच द्यावीत. कॉटर पिन हातोड्याने काढताना क्रँकखाली भक्कम आधार नसेल तर पिन वाकते आणि बेअरिंगलाही मार बसतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमधले तेल बदलणे हेही तसेच काम. काही ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, काहींत डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरे गेले तर आतली रबरी सीले फुगतात किंवा बिघडतात आणि ब्रेक निकामी होतो.