केंद्रीय समितीची यादी

वर्तमानपत्र उघडावे तर ‘पक्षाच्या केंद्रीय समितीने अमुक ठराव केला’ असे वाक्य डोळ्यांखालून जाते आणि आपण पान उलटतो. ही समिती म्हणजे कोण, तिला तेथे कोणी बसवले, आणि तिच्यापुढे पुढाऱ्याचे तरी किती चालते, हे विचारावयाचे राहून जाते. आम्ही वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांतून तीस वर्षे युनियनचे काम करीत आलो. शाळा दहावीपाशी सुटली. पुढचे शिक्षण गेटसभांत आणि उसन्या पुस्तकांत झाले. तेव्हा विद्वत्तेचा दावा नाही. पण समित्या मात्र पुष्कळ पाहिल्या.

उदाहरणासाठी आम्ही मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष घेतो. प्रचारासाठी नव्हे. काँग्रेसची कार्यसमिती असते, भारतीय जनता पक्षाची राष्ट्रीय कार्यकारिणी; ‘केंद्रीय समिती’ हे नाव घटनेत लिहून त्याप्रमाणे चालणारा राष्ट्रीय पक्ष हा. शिवाय त्याच्या इतिहासात मराठी माणसे जागोजाग भेटतात.

तळापासून पाहू. सभासद शाखेत असतो. एका शाखेत पंधरांहून अधिक माणसे नसावीत असा नियम आहे, म्हणजे प्रत्येकाने बोलावे आणि प्रत्येकाचे काम दिसावे. शाखेच्या वर स्थानिक समिती, मग जिल्हा, मग राज्य. प्रत्येक पायरीवर परिषद भरते, ती आपली समिती निवडते आणि वरच्या परिषदेला प्रतिनिधी पाठवते. सर्वांत वर, साधारणपणे दर तीन वर्षांनी, अखिल भारतीय अधिवेशन भरते. त्याला ते लोक पार्टी काँग्रेस म्हणतात. नावाने गोंधळ होतो, पण त्या काँग्रेसशी याचा संबंध नाही. अधिवेशनापुढे यावयाच्या राजकीय ठरावाचा मसुदा दोन महिने अगोदर शाखांपर्यंत जावा लागतो, आणि कोणत्याही शाखेला दुरुस्ती सुचवता येते.

अधिवेशन चार-सहा दिवस चालते आणि उठते. उरलेली तीन वर्षे त्याचा सर्व अधिकार केंद्रीय समितीकडे राहतो. समिती निदान तीन महिन्यांतून एकदा भरावी असे घटना सांगते. आपल्यातूनच ती पॉलिटब्युरो निवडते आणि सरचिटणीसही निवडते. पंचायत समितीचे सदस्य आपल्यातून सभापती निवडतात, तसाच हा प्रकार. दोन बैठकांच्या मधले काम पॉलिटब्युरो पाहतो, पण त्याचा जाब समिती विचारू शकते. एप्रिल 2025 मध्ये मदुराईच्या चोविसाव्या अधिवेशनात समितीच्या जागा 85 ठरल्या, त्यांतील 84 भरल्या. पॉलिटब्युरो अठरा जणांचा झाला. त्यात महाराष्ट्राचे अशोक ढवळे आणि मरियम ढवळे आहेत. सरचिटणीस एम. ए. बेबी.

हे अधिकार कागदावरचेच आहेत काय? इतिहास तसे म्हणत नाही. फूट पडण्यापूर्वी, 1948 साली कलकत्त्याच्या अधिवेशनात मुंबईचे बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले. पुढचे अधिवेशन थेट 1953 च्या अखेरीस मदुराईलाच भरले. पण मधल्या काळात केंद्रीय समितीने दोनदा सरचिटणीस बदलला: 1950 मध्ये राजेश्वर राव आणि 1951 मध्ये अजय घोष. याच समितीने ऑक्टोबर 1951 मध्ये तेलंगणातला सशस्त्र लढा मागे घेण्याचा निर्णय केला. आमचा जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यातच होता. लढणारी माणसे जंगलात होती, निर्णय झाला तो समितीच्या बैठकीत. तो चूक होता असे आम्ही म्हणत नाही. अशा समितीच्या हातात किती मोठी गोष्ट असते, एवढेच दाखवावयाचे आहे.

समितीत मतभेद झाला तर नियम स्पष्ट आहे. अल्पमताने बहुमताचा निर्णय पाळावा, खालच्या समितीने वरच्या समितीचा पाळावा, आणि पक्षात गट करू नये. चर्चेच्या वेळी पाहिजे ते बोला, निर्णयानंतर एकच आवाज. संपाच्या काळात आम्हीही हेच सांगतो. नाहीतर पहिल्या पाळीचे लोक बाहेर आणि दुसऱ्या पाळीचे आत, अशी गत व्हावयाची. पण या नियमाची किंमतही असते. मतभेद वर्षानुवर्षे टिकला आणि गट करता येत नसला, तर अखेर दरवाजाच उरतो. 11 एप्रिल 1964 रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून बत्तीस सभासद उठून बाहेर पडले. (1958 च्या अमृतसर अधिवेशनाने केंद्रीय समितीचे नाव बदलून राष्ट्रीय परिषद केले होते.) त्या वेळी पक्षाचे अध्यक्ष होते नाशिक जिल्ह्यातले श्रीपाद अमृत डांगे, नव्या पक्षाच्या पॉलिटब्युरोत बसलेल्यांत होते रणदिवे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी दोघांनाही आपले मानले होते. पुढे 1981 साली खुद्द डांग्यांनाच त्यांच्या पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने काढून टाकले.

समितीपुढे पुढाऱ्याचे किती चालते याचे ठळक उदाहरण 1996 चे. संयुक्त आघाडीने ज्योती बसूंना पंतप्रधानपद देऊ केले. बसू तयार होते, सरचिटणीस हरकिशनसिंग सुरजित अनुकूल होते. केंद्रीय समितीने नकार दिला. पुन्हा विचारले तेव्हा पुन्हा नकार दिला. बसूंनी पुढे त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हटले, पण निर्णय पाळला. जानेवारी 2018 मध्ये सरचिटणीस सीताराम येचुरी यांचा काँग्रेसविषयीचा मसुदा समितीने 55 विरुद्ध 31 मतांनी फेटाळला. तीन महिन्यांनी हैदराबादच्या अधिवेशनात प्रतिनिधींच्या आग्रहामुळे त्या ठरावाचे शब्द बदलले गेले आणि येचुरी पुन्हा सरचिटणीस झाले. समितीच्या वर अधिवेशन आहे, ते असे.

येथवर सर्व ठीक. पण समितीत बसावयाचे कोणी, हे कसे ठरते? मावळती समितीच नव्या समितीच्या नावांची यादी, म्हणजे पॅनेल, अधिवेशनापुढे ठेवते. प्रतिनिधीला कोणत्याही नावावर हरकत घेता येते, नवे नाव सुचवता येते. तसे झाले तर गुप्त मतदान, नाहीतर हात वर करून मंजुरी. नियम दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो. व्यवहारात बहुतेक वेळा हात वर होतात. राज्याराज्यांचा, स्त्रियांचा, आघाड्यांचा, वयाचा मेळ घातलेला असतो. उघड्या निवडणुकीत तो साधत नाही, असे यादी करणारे सांगतात. त्यात तथ्य आहे. पण यादी करणारा आणि यादीत असणारा पुष्कळदा एकच असतो, यातही तथ्य आहे.

मदुराईला हा प्रश्न उभा राहिला तो नाशिकच्या माणसामुळे. सीटूचे महाराष्ट्रातील नेते डी. एल. कराड यादीबाहेरून उभे राहिले आणि मतदान झाले. त्यांना 31 मते पडली, ते हरले. येचुरींच्या मसुद्यालाही एकतीसच पडली होती; योगायोग, दुसरे काही नाही. ही एकतीस मते थोडी की फार, यावर आमच्या ओळखीच्या कार्यकर्त्यांत अजून वाद चालतो. बाहेरून सगळेच एकमुखी दिसणाऱ्या त्या सभागृहात एकतीस माणसांनी यादी सोडून चिठ्ठीवर खूण केली, आणि ती मोजून जाहीर झाली, हे आम्हाला थोडे वाटत नाही.

आम्ही हे बोलतो, कारण या बाबतीत आमचे हातही स्वच्छ नाहीत. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका कारखान्यातील आमच्या युनियनची वार्षिक सभा होती. कार्यकारिणीच्या अकरा नावांची यादी आम्हीच आदल्या रात्री चहाच्या टपरीवर केली होती. ती वाचली, ‘सर्वांना मंजूर?’ असे विचारले. मागून प्रेसशॉपमधला एक ऑपरेटर उठला आणि म्हणाला, “दादा, यादी केली कुणी?” दुसरी पाळी लागावयास पंधरा मिनिटे होती. आम्ही त्याला ‘नंतर बोलू’ म्हणून खाली बसवले, आणि हात वर झाले.

नंतर बोलणे झालेच नाही. तीन महिन्यांनी तो युनियन सोडून गेला. त्याच्याबरोबर प्रेसशॉपमधले नऊ जण गेले, आणि पुढच्या वेतनकराराच्या वेळी ते नऊ आम्हाला फार महाग पडले. तेव्हापासून यादी आठ दिवस अगोदर गेटवरच्या फळ्यावर लागते, खाली रिकाम्या ओळी सोडून. गेल्या वर्षी त्या ओळींत चार नावे आली. त्यांतली दोन निवडून आली, आणि आमच्या यादीतली दोन पडली.