काउंटरमागचे पाचशे तास

हदगाव, तामसा, हिमायतनगर या पट्ट्यात बारावी सायन्सनंतर डी. फार्म. करायचे म्हटले की घरचा हिशेब सरळ असतो: दोन वर्षे शिकायचे, नोंदणी करायची आणि जमले तर स्वतःचे मेडिकल टाकायचे. मधल्या प्रशिक्षणाची चौकशी कुणी करत नाही. नियम मात्र स्पष्ट आहे. फार्मसी कौन्सिलच्या १९९१ च्या नियमावलीत आणि २०२० च्या नव्या नियमावलीतही ५०० तासांचे, किमान तीन महिन्यांचे प्रशिक्षण आहे. त्यातले २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरची औषधे देण्यात जायला हवेत.

तास मोजता येतात, म्हणून ते मोजले जातात. काही ठिकाणी तर तेही कागदावरच भरतात, हे या धंद्यातल्या कुणाला नव्याने सांगायला नको. पण पाचशे तास प्रामाणिकपणे उभे राहिलेल्या मुलाला तरी आपल्याला काय येत नाही, हे कळलेले असते का?

स्वतःच्या विचारावर नजर ठेवण्याच्या या क्षमतेची रीतसर मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७९ मध्ये केली. १९९९ मध्ये क्रूगर आणि डनिंग यांनी विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या. शंभरात खालून साधारण बाराव्या पायरीवर असलेले विद्यार्थी स्वतःला बासष्टाव्या पायरीवर समजत होते. या निष्कर्षामागच्या संख्याशास्त्रावर पुढे बराच वाद झाला, तो रास्तही आहे. पण २००६ मध्ये डॉक्टरांच्या आत्ममूल्यमापनाचा मोठा आढावा निघाला, त्यातले चित्रही फारसे वेगळे नाही. डॉक्टरांचा स्वतःबद्दलचा अंदाज आणि बाहेरून केलेले मोजमाप यांच्या वीसपैकी तेरा तुलनांमध्ये दोहोंचा मेळ नव्हता, होता तो जेमतेम, किंवा उलटाच होता. अनुभवी डॉक्टरांची ही गत, तर विशीतल्या पोराला ‘तुझे तूच गुण दे’ म्हणून काय हाती लागणार?

मेडिकलमध्ये हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. तापाच्या पॅरासिटामॉलचे थेंब साधारणपणे एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात. १२५ चे सिरप पाच मिलिलिटरला १२५, म्हणजे मिलिलिटरला २५. सिरपऐवजी थेंबांची बाटली गेली आणि आईने नेहमीसारखे पाच मिलिलिटर पाजले, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाते. इन्सुलिनचेही तसेच: १०० युनिटची बाटली आणि ४० युनिटची लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी जमली की डोस अडीचपट. ही गणिते वर्गात सगळ्यांना सुटतात. संध्याकाळी काउंटरवर पाच माणसे एकदम चिठ्ठ्या पुढे करतात तेव्हा ‘थांब, इथे माझी खात्री नाही’ असे मनाशी म्हणता येणे, ही वेगळी विद्या आहे. ती शिकवली जात नाही.

शिकवायला मात्र फार काही लागत नाही. एक वही पुरते. चिठ्ठी हातात आली की विद्यार्थ्याने आधी लिहायचे: मी काय देईन, गिऱ्हाइकाला काय सांगेन, आणि दहापैकी किती खात्री आहे. मग फार्मासिस्टने तपासायचे. नऊ लिहून चुकलेली ओळ चार लिहून चुकलेल्या ओळीपेक्षा जास्त धोक्याची, कारण चार लिहिणारा निदान विचारायला तरी येईल. महिनाभराने वही चाळली की कुठे फाजील खात्री आहे, हे मुलाला स्वतःच्याच अक्षरात दिसते.

दुसरा परीक्षक समोरच उभा असतो. ‘मावशी, घरी गेल्यावर या गोळ्या कशा घेणार, सांगा बरं’ असे विचारायचे. मावशी चुकल्या तर गुण सांगणाऱ्याचे कापायचे. इकडच्या गिऱ्हाइकांत कुणी गोरमाटी बोलतो, कुणी दखनी. इंग्रजीत पाठ केलेले ‘टीडीएस’, म्हणजे दिवसातून तीनदा, त्यांच्यापर्यंत कसे पोचले, हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळणार नाही.

२०२२ पासून नियमावलीत डी. फार्म.नंतरची एक्झिट परीक्षाही आली: तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के. चांगलेच आहे. पण पर्याय निवडताना किती जणांनी अंदाजाने खूण केली, हे ती परीक्षा विचारत नाही. ते फक्त काउंटरवर तपासता येते, तेही शेजारी उभ्या असलेल्या जुन्या फार्मासिस्टलाच.

म्हणून मेडिकलवाल्यांना एवढेच सांगणे: मुलगा दाखल्यावर सही मागायला आला की हजेरीसोबत ही वहीही मागा, आणि तिच्यात एकही चूक नोंदलेली नसेल तर सही करू नका.