ओठ शिवला, उपचार राहिले

बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली निघाली की घरात पहिला दोष ग्रहणाला जातो, म्हणजे गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून बाळाच्या आईला. जगभरात साधारण 700 जन्मांमागे एका बाळाला हे व्यंग असते.

स्माइल ट्रेनसारख्या संस्थांमुळे 2000 नंतर आपल्याकडे मोफत शस्त्रक्रिया गावोगावच्या मुलांपर्यंत पोहोचल्या. 2013 मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही हे व्यंग तपासले जाते. ओठाची शस्त्रक्रिया तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, टाळूची साधारण वर्षाच्या सुमारास होते. ओठ शिवला, फोटो छान येऊ लागले की बरीच कुटुंबे दवाखान्याची वाट विसरतात. त्यांना दोष तरी काय द्यायचा? दर फेरीला रोजंदारी बुडते.

खरी ओढाताण मात्र पुढेच असते. टाळू नीट मिटत नसेल तर हवा नाकावाटे निसटते आणि मुलाचा ‘बाबा’ ऐकायला ‘मामा’ येतो. कानात पाणी साठून ऐकू कमी येते. आठ-दहाव्या वर्षी हिरडीत हाड भरावे लागते, दात सरळ करावे लागतात.

चेन्नईत पोरूरच्या श्री रामचंद्र संस्थेने यावर एक वाट काढली. तिरुवण्णामलै जिल्ह्यात स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून वाचा-उपचारच गावाकडे नेले. तिथे कार्यकर्ती मुलाकडून शब्द घोटून घेते आणि घरी काय करून घ्यायचे ते आईला दाखवते.