अठ्ठावीस दिवसांचा महिना आणि रिचार्जचा हिशेब

मागच्या वेळी आपण काल या संकल्पनेबद्दल बोललो. तेव्हा शेवटच्या रांगेतून कोणीतरी विचारलं होतं, 'सर, या सगळ्याचा रोजच्या जगण्याशी काय संबंध?' प्रश्न रास्त होता. म्हणून आज आम्ही प्रीपेड मोबाइलचा प्लॅन घेऊन आलो आहोत. हसू नका. कालाची इतकी चोख विक्री दुसऱ्या कुठल्या दुकानात होत नाही.

मुळात आपण काय विकत घेतो? लोक म्हणतात, कॉल आणि डेटा. पूर्वी ते खरंही होतं. टॉकटाइम भरायचा, बोलू तेवढे पैसे कापले जायचे, उरले तर उरले. आता मात्र मुख्य वस्तू आहे मुदत, म्हणजे व्हॅलिडिटी. आम्ही तीस वर्षांहून जास्त काळ तर्कशास्त्र शिकवलं. तिथे युक्तिवाद एकदा व्हॅलिड ठरला की कायमचा व्हॅलिड. इथली व्हॅलिडिटी अठ्ठाविसाव्या दिवशी मध्यरात्री संपते!

आणि अठ्ठावीसच का? चार पूर्ण आठवडे म्हणून, एवढंच. पण आपलं डोकं त्याला महिना म्हणतं. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षात रिचार्ज बारा नाही, तेरा होतात. आपल्या पंचांगात अधिक महिना साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो. मोबाइलच्या पंचांगात तो दर वर्षी येतो. म्हणजे कंपनी हा असा जावई, ज्याला दर वर्षी धोंड्याचं जेवण द्यावं लागतं. यावर तक्रारी झाल्या, आणि जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचे आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारे किमान काही प्लॅन ठेवायला लावलं. ते असतात. पण दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरात दिसतात ते २८ आणि ८४चेच.

तेव्हा तुलना करायची तर पहिलं काम हे : किमतीला दिवसांनी भागा. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे जिओचे दोन प्लॅन घेऊ. २९९ रुपयांत २८ दिवस, रोज दीड जीबी. ७९९ रुपयांत ८४ दिवस, तेच रोज दीड जीबी. पहिल्यात दिवसाला सुमारे १० रुपये ६८ पैसे, दुसऱ्यात साडेनऊ. ३६४ दिवसांचा हिशेब केला तर फरक जवळपास ४२५ रुपयांचा. वस्तू तीच. आकडे पुढे बदलतील, भागाकार बदलणार नाही.

दुसरं काम अवघड आहे, कारण ते स्वतःला विचारायचं आहे : आपण वापरतो किती? 'रोज दीड जीबी' यातला 'रोज' महत्त्वाचा. घरी दुधाचा रतीब असतो. गावाला गेलो की कॅलेंडरवर खाडा मांडतो, महिनाअखेर तेवढे पैसे वजा. मोबाइलचा डेटा हा बिनखाड्याचा रतीब आहे. आज अर्धा जीबी वापरला, तर उरलेला रात्री बाराला गेला. सहसा तो उद्याच्या पातेल्यात येत नाही. आणि कोटा संपला की वेग इतका खाली येतो की चित्रफीत सोडा, साधं पान उघडेना. पाटीवर मात्र 'अनलिमिटेड'. न्यायशास्त्रात लक्षण लक्ष्याबाहेर पसरलं की त्याला अतिव्याप्ती म्हणतात. असो, त्या वादात आज शिरत नाही.

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई आहेत. आम्ही त्यांना मावशी म्हणतो, वयाने आमच्यापेक्षा लहान असल्या तरी. त्यांच्याकडे बटणांचा फोन. इंटरनेट नाही. त्या दर २८ दिवसांनी १९९ भरत होत्या, ज्यात दोन जीबी डेटा होता. कंपनी कोणती ते राहू द्या. आम्ही विचारलं, 'मावशी, नेट कशाला घेता?' त्या म्हणाल्या, 'सर, मी कुठं घेते? त्याच्याबरोबरच येतं ते. नाही भरलं तर फोन बंद पडतो, नि बँकेचा मेसेज याच नंबरवर येतो.'

बघा, केवढं नेमकं उत्तर. त्या बोलण्याचे पैसे भरत नव्हत्या, पोचता येण्याचे भरत होत्या. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार जमा झाल्याचा निरोप याच नंबरवर, ओटीपी याच नंबरवर. २०१८ च्या अखेरीपर्यंत नुसता इनकमिंगसाठी फोन ठेवणं जवळजवळ फुकट होतं. मग ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आला, आणि तो किमान आकडा वर वर चढत गेला.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्यायला सांगितलं. जानेवारीत ते आले. एका बड्या कंपनीने डेटा काढून वर्षाचा प्लॅन आधी १,९५९ ला काढला, काही दिवसांतच १,८४९ केला. त्याच कंपनीचा चोवीस जीबीसकट वर्षाचा प्लॅन होता १,९९९ चा! म्हणजे सगळा डेटा वजा केला तर दीडशे रुपये कमी. यावरून कळतं की किमतीत डेटाचा वाटा फारच थोडा. दाम आहे तो जोडलेलं राहण्याचा.

मावशींचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. १९९ तेरा वेळा म्हणजे २,५८७. वर्षाचा १,८४९. वाचतात ७३८. आम्ही खुशीत कागद पुढे केला. त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, 'एकदम अठराशे कुठनं आणू?' आमचं गणित बरोबर होतं आणि सल्ला चूक होता. ज्याच्याकडे रोख आहे त्याला दिवस स्वस्त मिळतो, ज्याच्याकडे नाही त्याला महाग. आम्ही उचल देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. उसन्याचा फोन नको म्हणाल्या.

शेवटी मधला मार्ग निघाला : कॉल-एसएमएसचा ८४ दिवसांचा, ४६९ रुपयांचा. दिवसाला सात रुपये अकरा पैशांऐवजी पाच अठ्ठावन्न. कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याला हा प्लॅन माहीतच नव्हता, त्याने तीनदा विचारलं, 'नेटशिवाय? नक्की?' आम्ही कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शोधला, तर तो यादीत खाली, वेगळ्या कप्प्यात होता. सापडायला वीस मिनिटं लागली. मुदत संपण्याची तारीख मावशींनी आमच्याच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी.