वळर्पिरै षष्ठी : मुरुगन मंदिरातील एका मासिक दिवसाचे काम

तमिळ भाषेत शुक्ल पक्षाला ‘वळर्पिरै’, म्हणजे वाढती चंद्रकोर, असे म्हणतात आणि या पक्षातील षष्ठी ही तिथी मुरुगन, अर्थात स्कंद किंवा कार्तिकेय, याच्या उपासनेसाठी दर महिन्याला पाळली जाते. वर्षभरातील या षष्ठींपैकी ऐप्पसी महिन्यातील, म्हणजे मराठी पंचांगाप्रमाणे कार्तिक शुद्ध षष्ठी, सर्वांत प्रसिद्ध आहे; दिवाळीच्या अमावास्येनंतर सहा दिवस चालणाऱ्या ‘कंद षष्टी’ उत्सवाच्या शेवटी तिरुच्चेंदूरच्या समुद्रकिनाऱ्यावर शूरपद्म या असुराच्या वधाचा सोहळा होतो आणि पुराणकथेनुसार वेलाने, म्हणजे मुरुगनाच्या भाल्याने, दुभंगलेल्या त्या असुराचे मोर आणि कोंबडा होऊन एक देवाचे वाहन व दुसरा त्याच्या ध्वजावरील चिन्ह बनतो. मराठी वाचकाला ही रचना अपरिचित वाटणार नाही, कारण बरोबर एका महिन्याने, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत, खंडोबाचे षड्रात्र असते, त्याचाही शेवट मणि-मल्ल दैत्यांच्या पराभवाने होतो आणि पराभूत मणीला तेथेही देवाच्या सान्निध्यात स्थान मिळते. शिवाय म्हाळसा आणि बाणाई यांच्याप्रमाणे मुरुगनालाही देवयानै ही देवकन्या आणि वळ्ळी ही रानात वाढलेली व्याधकन्या अशा दोन पत्नी आहेत. या साम्यावरून दोन्ही दैवते मुळात एकच होती असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, परंतु षष्ठी, असुरवध आणि रानातली दुसरी पत्नी यांचा मेळ दोन्हीकडे बसावा, हे केवळ योगायोगाने घडले असे म्हणणेही कठीण आहे.

मासिक षष्ठीला यांतील युद्ध नसते, मिरवणूक क्वचितच असते आणि समुद्रकिनाऱ्यावरची गर्दी तर नसतेच. उत्सवांविषयी लिहिणाऱ्यांनी या दिवसाकडे फारसे लक्ष दिलेले नाही याचे कारण बहुधा हेच असावे. तथापि मुरुगनाच्या उपासनेतील रोजचे कौशल्य, म्हणजे दगडी मूर्तीला स्नान घालणे, तिला सजवणे आणि हे सर्व योग्य वेळेत बसवणे, पाहायचे असेल तर हीच लहान षष्ठी अधिक उपयोगी ठरते.

काम सुरू होते ते पंचांगापासून. सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनीय अंतर 12 अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते, त्यामुळे 60 ते 72 अंशांपर्यंतचा काळ म्हणजे शुक्ल षष्ठी होय आणि त्या वेळी चंद्रबिंबाचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा प्रकाशित असतो. चंद्राची गती कमी-अधिक होत असल्याने तिथीची लांबी सुमारे 19 ते 26 तासांच्या दरम्यान बदलते, म्हणून ती सूर्योदयाशी सहसा नेमकी जुळत नाही आणि अनेकदा दोन दिवसांत विभागली जाते. त्यात तमिळ महिने सौर असल्यामुळे षष्ठी महिन्याच्या कोणत्याही तारखेला येऊ शकते, तसेच तमिळनाडूत परंपरागत सूत्रांवर चालणारे ‘वाक्य’ पंचांग आणि प्रत्यक्ष वेधांशी जुळवून घेतलेले ‘तिरुक्कणित’ पंचांग अशा दोन गणना प्रचलित असल्याने तिथी संपण्याच्या वेळेत काही तासांपर्यंतही फरक पडतो. विभागलेल्या तिथीचा कोणता दिवस धरावा याविषयी मात्र शास्त्रवचन स्पष्ट आहे: इतर अनेक व्रतांच्या उलट स्कंदषष्ठी ही पंचमीने युक्त अशी घ्यावी, असा निर्णय कमलाकर भट्टाच्या 1612 मधील ‘निर्णयसिंधु’त आणि पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्याय यांच्या अठराव्या शतकाअखेरच्या ‘धर्मसिंधु’त दिलेला आहे. दिवस ठरला की देवळाच्या दारातील फळ्यावर अभिषेकाची वेळ खडूने लिहिली जाते आणि दूध, फुले, नारळ यांची मागणी नोंदवली जाते.

तमिळ मंदिरात देवाच्या दोन मूर्ती असतात, हे येथे लक्षात घ्यावे लागते: गाभाऱ्यात कायम असणारी दगडी ‘मूलवर’ आणि मिरवणुकीसाठी बाहेर काढता येणारी पंचधातूची ‘उत्सवर’. दुसऱ्या प्रकारच्या मूर्ती मेणाचा नमुना वितळवून धातू ओतण्याच्या पद्धतीने घडवणारे स्थपती कुंभकोणमजवळच्या स्वामिमलै या गावी आजही काम करतात आणि तेथील मुरुगन मंदिर, ज्याच्या 60 पायऱ्या साठ संवत्सरांच्या चक्राशी जोडल्या जातात, मुरुगनाच्या सहा प्रमुख स्थानांपैकी, म्हणजे ‘आरुपडै वीडु’पैकी, एक आहे. मासिक षष्ठीचा मुख्य अभिषेक बहुधा मूलवराला होतो आणि तो करणाऱ्या पुजाऱ्याला, जो शैव आगमांत दीक्षित असतो, शिवाचार्य किंवा गुरुक्कळ म्हणतात.

अभिषेकाच्या द्रव्यांचा क्रम गावोगाव थोडा बदलतो, पण त्यामागे धार्मिक अर्थाबरोबर हाताच्या अनुभवाचा तर्कही असल्याचे थोडा वेळ पाहिले तरी ध्यानात येते. प्रथम तिळाचे तेल मूर्तीच्या मस्तकापासून पायांपर्यंत तळहाताने जिरवले जाते. त्यावर तांदळाचे पीठ, हळद आणि ‘तिरुमंजनप्पोडि’ हे सुगंधी चूर्ण पाण्यात कालवून ओतले की जादा तेल त्या पिठात शोषले जाऊन निघते, हे उटणे लावणाऱ्या मराठी घराला वेगळे सांगायला नको. त्यानंतर पंचामृत येते, मात्र ते दूध-दही-तूप-मध-साखरेचे मराठी पंचामृत नव्हे. येथे केळी, गूळ किंवा कच्ची साखर, तूप, मध आणि वेलची एकत्र कुस्करून केलेला दाट लगदा असतो. पळणी या डोंगरावरील क्षेत्राचे असे पंचामृत, ज्यात त्या डोंगररांगांतील विरूपाक्षी जातीची केळी वापरतात, 2019 मध्ये भौगोलिक मानांकनाला पात्र ठरले. हा चिकट थर पुढच्या दुधाने धुतला जातो, दुधानंतर दही, मध, लिंबू अथवा उसाचा रस, शहाळ्याचे पाणी अशी द्रव्ये येतात आणि प्रत्येकाच्या मध्ये स्वच्छ पाण्याची धार सोडून क्षणभर दीप ओवाळला जातो. सर्वाधिक वेळ दुधाला लागतो, कारण भाविक आपापले तांबे घेऊन आलेले असतात आणि कोणाचेही दूध राहू नये यासाठी साहाय्यक ते एकेक करून उंबऱ्यावरून आत पोहोचवत असतो; ओतलेले सर्व गोमुखातून बाहेर वाहते.

दिसण्याच्या दृष्टीने सर्वांत उल्लेखनीय टप्पा विभूतीचा आहे. ओल्या काळ्या दगडावर कोरडे भस्म मुठीने सोडले की ते उंचवट्यांवर बसते आणि खळग्यांतून निसटते, त्यामुळे तेलातुपाने गुळगुळीत झालेल्या मूर्तीचे डोळे, ओठ आणि छातीवरील माळेची कोरीव कडी, जी एरवी दूरच्या भाविकाला दिसत नाहीत, काही क्षण ठळक होतात. चंदनाचा लेप आणि गुलाबपाणी यांनी स्नान संपते; चंदन पूर्वी सहाणेवर उगाळले जात असे, आता अनेक देवळांत तयार पूड कालवली जाते आणि जाणती मंडळी त्याबद्दल कुरकुर करतात, जी अगदीच अस्थानी नाही.

यानंतर गाभाऱ्यापुढे पडदा ओढला जातो आणि अलंकाराचे काम, जे अर्धा-पाऊण तास सहज चालते, नजरेआड होते. आत पुजारी अंग पुसून रेशमी वस्त्राच्या निऱ्या दोऱ्याने बांधतो, चांदीचे कवच असल्यास चढवतो, हाताशी वेल उभा करतो आणि हारांचे वजन कोणत्या बाजूला पडेल याचा अंदाज घेत ते अडकवतो. दगडी खांद्यावर हार घसरू न देणे ही शिकून येणारी कला आहे. बाहेर बसलेल्यांसाठी हा काळ गाण्याचा असतो. जेथे ‘ओदुवार’, म्हणजे तमिळ स्तोत्रे परंपरेने गाणारा गायक, नेमलेला असतो तेथे तो पंधराव्या शतकातील अरुणगिरिनाथाच्या ‘तिरुप्पुगळ’मधील पदे म्हणतो, आणि अन्यत्र स्त्रिया देवराय स्वामींचे ‘कंद षष्टी कवसम्’ हे देहाच्या प्रत्येक अवयवासाठी रक्षण मागणारे स्तोत्र एका सुरात म्हणतात. पडदा उघडताना नादस्वरम आणि तविल वाजावे अशी रीत आहे. लहान देवळांत त्यांची जागा विजेवर ढोल आणि घंटा बडवणाऱ्या यंत्राने घेतली असून त्याचा आवाज कवसम् म्हणणाऱ्यांना थेट गप्प करतो.

दीपाराधनेनंतर तांबड्या कण्हेरीच्या फुलांनी अर्चना होते आणि मंदिराच्या स्वयंपाकघरातून, ज्याला ‘मडैप्पळ्ळि’ म्हणतात, नैवेद्य येतो. त्यात राळ्याच्या पिठात मध कालवून केलेला ‘तिनै मावु’ असेल तर तो वळ्ळीच्या कथेशी जोडला जातो, कारण ती राळ्याच्या शेताची राखण करत असताना मुरुगन तिला भेटला. व्रत करणारे त्या दिवशी दूध-फळांवर राहतात किंवा एकच वेळ जेवतात, आणि अपत्यप्राप्तीसाठी हे व्रत विशेष करून धरले जात असल्याने देवळात तरुण जोडपी मोठ्या संख्येने दिसतात. घरी संध्याकाळी तांदळाच्या पिठीने षट्कोन काढून त्यात ‘शरवणभव’ या मंत्राची सहा अक्षरे लिहितात आणि सहा कोनांवर सहा तुपाचे दिवे लावतात.

या सर्वांचा खर्च कोण करतो, हा प्रश्न विधीइतकाच जुना आहे. पूर्वी एखादे कुटुंब जमीन किंवा ठेव देऊन विशिष्ट सेवा कायमची आपल्या नावे करत असे. या दानाला ‘कट्टळै’ म्हणतात आणि तमिळनाडूतील बहुसंख्य मोठी मंदिरे ज्याच्या देखरेखीखाली आहेत त्या हिंदू धर्मादाय खात्याच्या नोंदीत अशा सेवा आजही आढळतात. परंतु जुन्या ठेवीचे व्याज दुधाच्या आजच्या भावाला पुरत नाही, म्हणून अनेक ठिकाणी प्रत्येक षष्ठीसाठी नवा ‘उभयदार’, म्हणजे त्या दिवसाचा यजमान, शोधावा लागतो. त्याचे नाव, गोत्र आणि नक्षत्र संकल्पात उच्चारले जाते, शेवटी त्याला प्रसादाचा हार मिळतो, आणि पुढच्या महिन्याची षष्ठी कोणाकडे हे कार्यालयातील वहीत त्याच दुपारी लिहून घेतले जाते.