ग्राइंडरचे गार्ड कोठे आहे?

खंडेनवमीला आपल्याकडे वर्कशॉपमधून शस्त्रपूजा होते. तलवारी आता कोणाकडे नाहीत. त्यामुळे पाने, हातोडे, ड्रिल मशीन, ग्राइंडर, वेल्डिंगचा होल्डर अशी मांडणी असते. माझ्या पेशंटांमध्ये गॅरेजवाले, ग्रील-गेट करणारे, सुतार आणि फरशीवाले पुष्कळ असल्याने दरवर्षी चार-पाच ठिकाणी प्रसादाला जाणे होते. पूजेतल्या ग्राइंडरला हळदकुंकू असते, झेंडूचे फूल असते. नसते ते चाकावरचे अर्धगोल पत्र्याचे कव्हर, म्हणजेच गार्ड. विचारले की उत्तर ठरलेले असते : "काम करताना आड येतंय, डॉक्टर. काढून ठेवलंय."

या आड येणाऱ्या वस्तूंविषयीच आज लिहायचे आहे. ग्राइंडरचे गार्ड, त्याची बाजूची मूठ आणि प्लगची तिसरी पिन या तीन गोष्टी यंत्राबरोबर विकत मिळतात आणि आठवड्याच्या आत नाहीशा होतात. चौथी वस्तू म्हणजे डोळ्यावरचा चष्मा. तो वेगळा घ्यावा लागतो, म्हणून बहुतेक जण घेतच नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या जखमांची चौकशी केली, की या चारांपैकी एखादी वस्तू जागेवर नव्हती असे बहुधा निघते.

पूर्वी विजेवर चालणारी हत्यारे मोठ्या कारखान्यांतच दिसत. तिथे फोरमन असे, सेफ्टी ऑफिसर असे. आता हजार-दोन हजारांत ग्राइंडर मिळतो आणि ड्रिल मशीन घरपोच येते. शेतकरी ट्रॉलीचा हुक कापायला ग्राइंडर उचलतो, गुरुजी भिंतीवर तसबीर लावायला ड्रिल घेऊन स्टुलावर चढतात. शिकवणारा कोणी नाही. मशीन हातात मावते म्हणून ते किरकोळ वाटते, एवढाच काय तो घोटाळा आहे.

ते किरकोळ नाही, हे साध्या हिशेबाने कळेल. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. चार इंची चाकाचा घेर सुमारे ३१ सेंटिमीटर. गुणाकार करून पाहा. चाकाची कड ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने पळत असते. या वेगात चाक तडकले तर मान फिरवायलाही सवड मिळत नाही. उडणारा तुकडा अडवायला मध्ये फक्त गार्ड असते.

आता त्याच मशीनवर गार्ड काढून मोठे चाक चढवण्याची पद्धत पाहा. भोक जुळत नसेल तर वॉशर घालून जुळवतात. सात इंची चाकावर साधारण ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. ते ११,००० वर फिरवले म्हणजे चाक फुटण्याची आपणच सोय केली. चाकावर छापलेला आकडा मशीनच्या पाटीवरील आकड्यापेक्षा जास्तच असला पाहिजे, एवढे ज्याला वाचता येते त्याने वाचावे. ज्याला येत नसेल त्याने दुकानदाराला विचारावे, त्यात कमीपणा नाही.

दुसरा प्रकार सुतारांचा. ग्राइंडरला लाकूड कापायचे दातेरी पाते लावतात. हे मला सर्वांत भीतीदायक वाटते. लाकडाची गाठ लागली, की दात अडकतात आणि मशीन झटक्याने उलट अंगावर येते. बाजूची मूठ काढलेली असेल तर एका हाताने ते आवरणे शक्य नसते. जखम डाव्या हाताला, मांडीला, कधी गळ्याला होते. लाकडासाठी वेगळी कटर मशीन असते. तिला खाली सपाट पाट आणि आपोआप झाकले जाणारे कव्हर असते. ती महाग पडते हे खरे, पण एका मिस्त्रींच्या डाव्या हाताच्या दोन शिरा जोडायला जो खर्च आला, त्यात तशा दोन मशीन आल्या असत्या. पुढचे तीन महिने त्यांना रंधाही धरता आला नाही.

डोळा

सर्वांत जास्त रांग डोळ्यांची असते. कण गेला, की आधी शेजारचा कारागीर तपासतो. प्रत्येक वर्कशॉपमध्ये असा एक 'तज्ज्ञ' असतोच. रुमालाची सुरळी, आगपेटीच्या काडीला गुंडाळलेला कापूस, काही ठिकाणी तर ब्लेडचे टोकसुद्धा, अशी त्याची हत्यारे. कण निघतो किंवा निघत नाही, पण बुबुळावरचा काचेसारखा पडदा खरवडला जातो आणि त्यात जंतू शिरतात. हा पडदा पिकून पांढरे फूल पडले, की नजर कायमची मंद होते. कण लोखंडी असेल तर काही तासांतच त्याभोवती गंजाचे कडे धरू लागते. मग कण काढूनही गंज राहतो आणि तो वेगळा काढावा लागतो. म्हणून डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावा, आणि तेवढ्याने खुपणे थांबले नाही तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

डॉक्टर कण काढताना डोळा बधिर करणारा थेंब घालतात. त्याने क्षणात आराम पडतो, म्हणून काही कारागीर तीच बाटली मेडिकलमधून आणून खिशात ठेवतात. वेल्डिंगचा झोत लागून रात्री डोळे चुरचुरू लागले तरी हाच थेंब घालतात. कृपया असे करू नका. हा थेंब वारंवार घातल्याने जखम भरत नाही, पडदा विरघळू लागतो, आणि दुखत नसल्यामुळे ते कळतही नाही.

सर्वांत फसवा कण मात्र न दुखणारा असतो. छिन्नीवर हातोडा मारताना उडालेली कपची किंवा ग्राइंडरला लावलेल्या ब्रशाची तुटलेली तार इतक्या वेगाने जाते, की डोळ्याला बारीक भोक पाडून थेट आत शिरते. एक बावीस वर्षांचा फॅब्रिकेशनवाला मुलगा आठवडाभराने माझ्याकडे आला. डोळा लाल नव्हता, ठणकत नव्हता. तक्रार एवढीच की एका डोळ्याने धुरकट दिसते. काम काय करतोस, काही उडाले होते का, असे विचारल्यावर त्याला आठवले. एक्स-रेमध्ये डोळ्याच्या आत लोखंडाचा कण दिसला. असे लोखंड आत राहिले तर हळूहळू गंजून डोळ्याच्या मागच्या पडद्याला विषासारखे बाधते. त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि नजर बरीचशी वाचली. काही जोरात लागल्याची जाणीव झाली आणि नंतर अंधुक वाटू लागले, तर डोळा दाबू नका, धुऊही नका. कागदी कप वरून झाकून, त्याचा दाब डोळ्यावर न येऊ देता, लगेच दाखवा. आणखी एक : लोखंडकाम करणाऱ्याला पुढे केव्हाही एमआरआय काढायला सांगितले, तर डोळ्यात कधी कण गेला होता हे तिथे अवश्य सांगावे. त्या यंत्राच्या चुंबकाने आतला कण हलतो.

नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे, कारण त्याच्या बाजू उघड्या असतात. बाजूने बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा गॉगल हार्डवेअरच्या दुकानात एका जेवणाच्या पैशात मिळतो. घामाने धुके धरते ही तक्रार खरी आहे. हवेला छिद्रे असलेला घ्यावा. तो कपाळावर चढवून ठेवल्याने डोळ्याचे रक्षण होत नाही, हे सांगायची पाळी माझ्यावर रोज येते.

तिसरी पिन

वायरची दोन टोके सोलून, सॉकेटच्या भोकात आगपेटीच्या काड्यांनी ठोकून बसवायची, हे दृश्य कोणत्याही बांधकामावर पाहायला मिळते. तिसरी वायर, म्हणजे अर्थिंगची, तशीच लोंबत असते. लोखंडी बॉडीच्या जुन्या मशीनमध्ये आतली वायर बॉडीला टेकली, तर तो करंट जमिनीत नेणारी तीच एकमेव वाट असते. ती तोडली, की तुमचे शरीर ती वाट होते. शंभर वॅटच्या जुन्या बल्बमधून सुमारे ४०० मिलिअँपिअर करंट वाहतो. माणसाच्या छातीतून ५० ते १०० मिलिअँपिअर गेला तरी हृदयाची लय बिघडून ते बंद पडू शकते. त्याहून कितीतरी कमी करंटने हाताची मूठ आवळली जाते आणि मशीन सोडता येत नाही.

अनेकांचा समज असतो की बोर्डात एमसीबी आहे, तो पडेल. एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो; तो करंट गळू लागताच क्षणार्धात वीज तोडतो. ज्या घरात किंवा दुकानात हत्यारे चालतात तिथे तो वायरमनकडून बसवून घ्यावा आणि महिन्यातून एकदा त्याचे टेस्टचे बटण दाबून पाहावे. काही नव्या मशीनला मुळातच दोन पिनांचा प्लग असतो. त्यांच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांचे आवरण दुहेरी असल्याने अर्थिंगची गरज नसते. मात्र त्याही ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून वापरू नयेत.

कोणाला शॉक बसला तर आधी मेन स्विच बंद करा, मग त्याला हात लावा. श्वास थांबला असेल तर हातपाय चोळण्यात वेळ न घालवता छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा.

बोट तुटले तर

ड्रिलवर काम करताना सुती हातमोजे घालू नयेत, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. फिरत्या बिटात मोज्याचा धागा अडकला, की मोजा बोटासकट गुंडाळला जातो. मफलर, सैल बाही, मोकळी ओढणी यांचेही तेच. कापायची वस्तू हातात किंवा पायाखाली न धरता शिकंजात आवळावी.

एवढे करूनही बोट तुटलेच, तर जखमेवर हळद, चुना, कॉफीची पूड काहीही भरू नका. स्वच्छ फडक्याने दाबून हात उंच धरा. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने अलगद धुऊन ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट सरळ बर्फावर ठेवले तर ते गोठून निकामी होते. असे थंड ठेवलेले बोट बारा तासांपर्यंत, कधी त्याहून उशिराही जोडता येते. न ठेवलेले साधारण सहा तासांपर्यंत. म्हणजे आपल्या गावातून पुण्या-मुंबईच्या किंवा जवळच्या मोठ्या शहराच्या रुग्णालयात पोहोचायला वेळ असतो. निघण्यापूर्वी फोन करून तिथे हाताचे किंवा प्लॅस्टिक सर्जन आहेत का, हे विचारून घ्यावे. बोट कातडीच्या धाग्यावर लोंबत असेल तर ते तोडू नये.

धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही सांगतो. खरचटले की इंजेक्शन, असे काही जण वर्षातून तीनदा घेतात. लहानपणचे डोस पूर्ण झालेले असतील, तर मळक्या किंवा खोल जखमेला शेवटच्या डोसनंतर पाच वर्षे, आणि स्वच्छ जखमेला दहा वर्षे झाली असतील तरच नव्याने घ्यावे लागते. टीटीऐवजी आता टीडी मिळते, त्यात घटसर्पाचीही लस असते. तारीख कुठेतरी लिहून ठेवा. वर्कशॉपची भिंतही चालेल.

सावकाश होणाऱ्या दुखण्यांना रक्त येत नाही म्हणून त्यांच्यासाठी कोणी येत नाही. ग्राइंडरचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. दिवसातून पाव तासाच्या वर तो उघड्या कानांनी ऐकला तर कान हळूहळू जातात. दहा रुपयांचे इअरप्लग पुरतात. फरशी, ग्रॅनाइट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की निघत नाही आणि तिच्यावर औषध नाही. कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांत ही सिलिका इतकी असते, की ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदी घातली. कापताना पाण्याची धार सोडावी. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. करोनात सर्वांच्या ओळखीचा झालेला एन-९५ मास्क लागतो.

निगा

चाक बदलताना, बिट लावताना प्लग आधी काढावा. बॅटरीची मशीन असेल तर बॅटरी काढावी. वायर नेहमी मशीनच्या तोंडाशी तुटते, तिथे टेप गुंडाळत न बसता वायर बदलावी. आत ठिणग्या जास्त दिसू लागल्या, जळका वास आला, तर कार्बन झिजले आहेत असे समजून दोन्ही एकदम बदलावेत. हवेची छिद्रे आठवड्याला ब्लोअरने साफ करावीत. कटिंगच्या पातळ चाकाने बाजूने घासू नये. चाकाच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते. मुदत संपलेले, पावसाळ्यात ओल लागलेले, खाली पडलेले चाक फेकून द्यावे. आणि काम चालू असताना लाइट गेली तर ग्राइंडरचे लॉक केलेले बटण आधी सोडावे. नाहीतर चहा पिऊन येईपर्यंत लाइट येते आणि मशीन एकटेच फरशीवर नाचू लागते. नवे चाक बसवल्यावर ते अर्धा-एक मिनिट रिकामे फिरवून पाहावे, चाकाच्या रेषेत कोणी उभे नसताना.